माड एकेक मजला खाली येतोय

आमच्या आईची एक पक्की समजूत होती की तिच्या हाताला झाडांचं यश नाही. म्हणजे स्वयंपाकाला आहे, शिवणाला आहे, तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालण्यात तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही, पण कुंडीत लावलेलं काही टिकत नाही असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा खरंच पडायचा.

बोरिवली पूर्वेला आमचं घर, चौथा मजला, किचनच्या खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल आणि त्यात आठ-नऊ कुंड्या. दर डिसेंबरात रोपांची हातगाडी यायची, आई खाली जाऊन झिनिया, फ्लॉक्स, झेंडू अशी फुललेली रोपं घेऊन यायची, दोन-तीन महिने खिडकी नुसती रंगीत होऊन जायची, आणि मग मार्च संपता संपता एकेक पान खालून पिवळं पडायला लागायचं. आई पाणी वाढवायची, मग कमी करायची, शेणखत घालायची, ताकाचं पाणी घालायची, कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात. एप्रिलमध्ये सगळं वाळून काडी. मग ती काडी उपटून टाकताना हळूच म्हणायची, गेलं बघ, माझ्या हाताने काही जगत नाही. एक वर्ष तर तिने काहीच आणलं नाही, कुंड्या नुसत्या मातीने भरलेल्या पडून होत्या.

मलाही काही माहीत नव्हतं हे खरं. मग एकदा मी नर्सरीत गेले आणि तिथल्या भैयाला वाळलेल्या झिनियाचा फोटो दाखवून विचारलं, याला काय रोग झालाय. त्याने फोटो नीट बघितलासुद्धा नाही. म्हणाला, "इसको कुछ नहीं हुआ दीदी, ये तो सीझनल है, इसका टाइम हो गया."

टाइम हो गया. एवढंच. घरी येऊन आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, अगं मग विकताना सांगायला काय होतं यांना, मी इतकी वर्षं स्वतःला दोष देत बसले.

त्या दिवसापासून मी हा विषय वाचायला लागले आणि अजून थांबलेले नाही. शाळेत सहावीला हे सगळं होतं खरं तर. वृक्ष, झुडूप, रोपटं, वेल. वार्षिक, द्विवार्षिक, बहुवार्षिक. तक्ता पाठ केला, रिकाम्या जागा भरल्या, मार्क मिळाले, आणि त्या तक्त्याचा आपल्या खिडकीतल्या मेलेल्या झेंडूशी काही संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या नाही, आईच्या नाही, शिकवणाऱ्यांच्याही नसेल कदाचित.

वार्षिक झाड मरतं म्हणजे नक्की काय होतं तर त्याच्या शेंड्यांचं काय होतं ते बघायचं. झाडाच्या प्रत्येक शेंड्याला एक जिवंत कोंब असतो आणि तो पुढे पान काढायचं की फूल हे ठरवतो. बहुवार्षिक झाड काही कोंब फुलांना देतं आणि काही राखून ठेवतं, पुढच्या वर्षी त्यातून पानं फुटतात. वार्षिक झाड राखून काही ठेवत नाही. एकेक करत सगळे कोंब फुलाला देऊन टाकतं, मग पानांमधलं नायट्रोजनसुद्धा काढून बियांमध्ये भरतं, म्हणून पानं खालून पिवळी पडतात. आई ज्याला आजार समजून ताक घालत होती ती खरी तर घरातली आवराआवर चालली होती. शेतातला भात पिवळा झाला की आपण पिकला म्हणतो, मेला म्हणत नाही. तेच ते. आपली बहुतेक धान्यं, भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, ही सगळी वर्षाच्या आत संपणारी गवतं आहेत, आणि ती अशी सगळं बियांत ओतून देतात म्हणूनच आपल्या ताटात काहीतरी येतं.

जुन्या लोकांना हे स्वच्छ दिसलेलं होतं. चरकसंहितेत वनस्पतींचे चार गट दिलेत आणि त्यातल्या ओषधी या गटाची व्याख्याच अशी आहे की फळ पिकलं की जिचा अंत होतो ती ओषधी. आपण आज औषधी वनस्पती म्हणतो त्यातला अर्थ वेगळा, हा आयुष्यावरून पाडलेला गट आहे. बाकीचे तीन म्हणजे फुलाशिवाय फळ देणारी ती वनस्पती, वड-उंबरासारखी, आधी फूल मग फळ देणारे ते वानस्पत्य, आणि पसरत जाणारे, वेलीसारखे ते वीरुध. उंबराला फूल नसतं ही समजूत पुढे चुकीची ठरली, फुलं असतात पण ती फळाच्या आत असतात, तरी आपण अजून दुर्मीळ माणसाला उंबराचं फूल म्हणतोच. पण फळ पिकलं की अंत, ही व्याख्या आजही जशीच्या तशी लागू आहे. आईच्या झिनियाला तर अगदी तंतोतंत.

आणि मग मला आजीची तुळस आठवली. आजी रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालायची आणि घालता घालता मंजिऱ्या खुडायची. तुळशीच्या डोक्यावर ओझं झालंय म्हणायची, ते उतरवायचं. लहानपणी मला वाटायचं पूजेला लागतात म्हणून खुडते. पण बघा, मंजिऱ्या खुडल्या म्हणजे बी धरू दिलं नाही, बी धरलं नाही म्हणजे झाडाची ताकद परत पानांकडे वळली, बाजूने नवे फुटवे आले. तुळस काही झिनियासारखी एका फुलोऱ्यात संपणारी नाही, काही वर्षं जगते, पण बी धरत गेली की खालून लाकडासारखी होते, पानं विरळ होतात आणि लवकर म्हातारी होते. आजीची एकेक तुळस चार-पाच वर्षं जायची. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेली बाई होती ती, पण झाडाचं आयुष्य कुठे खर्च होतं ते तिच्या बोटांना माहीत होतं. (आई मंजिऱ्या खुडायला कंटाळा करायची हे तिने आता मान्य केलंय, लिहू का विचारलं तर लिही म्हणाली.)

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. कार्ल लिनियस, ज्याने वनस्पतींना दोन-दोन नावं द्यायची पद्धत पक्की केली, त्याने १७५३ साली छापलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात झाडांचं आयुष्य शब्दांत न लिहिता ग्रहांच्या खुणांनी लिहिलं. वर्षात संपणाऱ्याला सूर्याची खूण. दोन वर्षं जगणाऱ्याला मंगळाची, कारण मंगळाला सूर्याभोवती फिरायला ६८७ दिवस म्हणजे जवळजवळ दोन वर्षं लागतात. वर्षानुवर्षं जगणाऱ्या पण लाकूड न धरणाऱ्या झाडाला गुरूची, बारा वर्षांची. आणि लाकूड धरणाऱ्या झाडाझुडपांना शनीची, साडेएकोणतीस वर्षांची. आता हे आपल्याला समजायला जितकं सोपं आहे तितकं दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही, कारण गुरू सिंह राशीत परत यायला बारा वर्षं लागतात म्हणून नाशिकला सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आणि शनी एका राशीत अडीच वर्षं बसतो म्हणून तीन राशींची मिळून साडेसाती होते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. आईला हे सांगितल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, म्हणजे मी शनीच्या आशेने सूर्याची झाडं आणत होते. हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून ठेवलं.

मंगळवाले, म्हणजे दोन वर्षांचे, मुंबईत आपल्याला फारसे पूर्ण दिसत नाहीत. गाजर, बीट, कोबी, कांदा. पहिल्या वर्षी साठवतात, मधे थंडी लागते, दुसऱ्या वर्षी ती साठवण मोडून फुलतात. आपण त्यांची साठवणच खाऊन टाकतो म्हणून गाजराचं फूल आपल्यातल्या बहुतेकांनी बघितलेलंच नसतं. कांद्याला मात्र थंडी जास्त लागली तर तो वेळेच्या आधीच फुलावर येतो, शेतकरी त्याला डेंगळे आले म्हणतात, आणि तसा कांदा टिकत नाही कारण तो मनाने दुसऱ्या वर्षात गेलेला असतो.

वर्गवारी माणसाच्या सोयीने कशी बदलते तेही बघण्यासारखं आहे. मिरची, वांगी, तूर ही खरं तर आपल्या हवेत दोन-तीन वर्षं सहज जगू शकणारी झाडं, आपण शेतात ती वर्षाची म्हणून लावतो आणि उपटतो. आमच्या ग्रिलमध्ये एक मिरचीचं झाड चौथ्या वर्षात आहे, त्याचं खोड माझ्या अंगठ्याएवढं जाड आणि करडं झालंय. आईने ते सुकलेल्या मिरचीच्या बियांतून लावलं होतं, कुठल्या गाडीवरून आणलेलं नाही. म्हणजे हाताला यश होतंच ना.

पावसाळा आला की बोरिवली स्टेशनबाहेर पालघर-जव्हारकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोली आणि सगळ्यात आधी शेवळं. शेवळं म्हणजे जमिनीतून वर आलेला कोंब, आत पिवळा-जांभळा दांडा, दिसायला भाल्यासारखा. निवडताना आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा नाहीतर घशाला खाज, आणि भाजीत काकडं, म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची फळं, घालायचीच, तीही खाज मारायला. हे मी आईकडून शिकले, तिने शेजारच्या सीकेपी काकूंकडून. आता गंमत अशी की टाकळा आणि शेवळं दोन्ही त्याच टोपलीत, दोन्ही पावसात उगवतात, दोन्ही दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, आपण दोघांनाही पावसाळी म्हणतो. पण टाकळा खरंच मरतो, त्याचं बी तेवढं उरतं. शेवळं मरत नाही. त्याचा कंद जमिनीखाली सात-आठ महिने स्वस्थ पडून असतो आणि तेच झाड पुढच्या जूनमध्ये परत येतं. आधी फुलाचा दांडा, पान मागाहून.

डेन्मार्कमध्ये राउनकियर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला झाडांची विभागणीच या प्रश्नावर केली की वाईट दिवसांत तुम्ही तुमचा कोंब कुठे ठेवता. उंच फांदीवर उघडा ठेवता, जमिनीलगत ठेवता, मातीत पुरून ठेवता, की कोंबच न ठेवता फक्त बी मागे ठेवता. त्यांच्याकडचे वाईट दिवस म्हणजे बर्फाचे, आपल्याकडचे म्हणजे डिसेंबर ते मे, जेव्हा डोंगरावर पाण्याचा थेंब नसतो. मला ही विभागणी फार आवडते कारण ती झाड चांगल्या दिवसांत कसं दिसतं हे विचारतच नाही. तेरडासुद्धा बीवालाच. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला नावं ठेवली, पण कोकणात गौर करायला तोच लागतो, भाद्रपदात दादरच्या फुलबाजारात त्याच्या जुड्या येतात, आणि त्याच्या पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावलं तरी ती फाट्कन फुटून बिया लांब उडवते. पुढच्या वर्षीची सोय करूनच जातो तो.

झाडाची ठेवण, म्हणजे वृक्ष की झुडूप की वेल, हीसुद्धा वाटते तेवढी सरळ नाही. सत्यनारायणाला चौरंगाला चार खांब बांधतो ती केळ झाड नाहीच, ते जगातलं एक अवाढव्य रोपटं आहे, त्यात लाकूड नाही, खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ, खरं खोड जमिनीत गड्ड्याच्या रूपात. आणि एका खांबाला घड एकदाच. घड उतरवला की तो खांब संपला, पण तोवर बुडाशी पिल्लं आलेली असतात. वसईला ज्यांच्या केळीच्या वाड्या आहेत त्यांना विचारा, ते केळ मेली असं कधी म्हणत नाहीत. मग आता ती एकदाच फुलणारी म्हणायची की कायमची? दोन्ही. खांबाचं आयुष्य वेगळं, गड्ड्याचं वेगळं. फ्लायओव्हरखालच्या डिव्हायडरमध्ये छाटून छाटून झुडूप केलेली बोगनवेल नावाप्रमाणे वेल आहे, तिचे काटे दुसऱ्या झाडाला अडकून वर चढायला असतात. आणि जुन्या चाळींच्या पाइपाशेजारी उगवलेला वड-पिंपळ? पक्ष्याच्या विष्ठेतून बी भिंतीच्या चिरेत पडतं, पहिली काही वर्षं तो दुसऱ्याच्या अंगावर राहणारं रोप असतो, मूळ खाली सुटून जमिनीला लागलं की मग वृक्ष. एकाच जन्मात दोन ठेवणी.

कारवीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ती आमच्या घरामागेच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला डोंगरउतारावर कारवी माजलेली असते, माणसापेक्षा उंच झुडूप, पानं खरखरीत. याच्या काठ्या विणून वर शेणमातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती करतात, पाड्यांवर अजून दिसतात. सात वर्षं कारवी नुसती पानं काढते. आठव्या वर्षी पावसाच्या शेवटी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्यांचा आवाज वाटेवरून ऐकू येतो, आणि मग सगळीच्या सगळी मरते. बी मात्र लगेच पडत नाही. वाळलेली बोंडं तशीच पुढचा उन्हाळा काढतात आणि पहिल्या सरी अंगावर पडल्या की तडतड फुटतात, पाणी मिळण्याची खात्री झाल्यावरच बी जमिनीवर. सगळ्यांनी एकाच वर्षी का, तर इतकं बी एकदम आलं की खाणारे किडे-उंदीर किती खाणार, उरतंच. केरळातली नीलकुरिंजी हिचीच बहीण, ती बारा वर्षांनी, २००६ ला फुलली मग २०१८ ला.

आमच्याकडची २०१६ ला फुलली तेव्हा आई माझ्याबरोबर चालत वर आली होती. २०२४ ला तिचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून आम्ही उद्यानाच्या बसने कान्हेरीपर्यंत गेलो आणि ती खालच्या पायऱ्यांवर बसून समोरचा उतार बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ही सगळी मरणार आता?" मी म्हटलं हो. "एवढा डोंगर मरणार आणि त्या डोंगराच्या हाताला कोणी नावं ठेवणार नाही," असं म्हणून ती डोळे पुसायला लागली, आणि मला काय बोलावं कळेना म्हणून मी तिच्याशेजारी बसून राहिले.

मग आमच्या सोसायटीतला भेरली माड.

मुंबईत हा खूप ठिकाणी आहे, लोक त्याला शोभेचा पाम म्हणून लावतात, पान माशाच्या शेपटीसारखं फाटलेलं. आमचा बिल्डिंग झाली तेव्हा कोणीतरी लावलेला, वाढत वाढत चौथ्या मजल्याच्या वर गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, जेव्हा आम्ही दिवसभर खिडकीतच असायचो, तेव्हा त्याच्या डोक्याशी पहिला फुलोरा सुटला. घोड्याच्या शेपटीसारख्या लांब लांब वेण्या, आधी पिवळट, मग हिरवी फळं, मग लाल. कोकिळा यायच्या, रात्री वटवाघळं. आम्हाला वाटलं आता दरवर्षी येणार. दुसरा घोस आला तो पहिल्याच्या खाली. तिसरा त्याच्याही खाली. तोवर वरची पानं झडायला लागली, नवीन पान येईना.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की माडाला कीड लागलीय, पाडून टाकूया, गाडीवर पडेल. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. सांगितलं की कीड नाही, हे झाड असंच असतं, दहा-पंधरा वर्षं नुसतं खोडात पिठासारखा स्टार्च भरत राहतं, मग वाढ थांबवून वरून खाली एकेका पेरावर फुलत येतं, आणि सगळ्यात खालचा घोस पिकला की मरतं. ते खोड आता रिकामं होत चाललंय, मेल्यावर नक्की काढूया, त्यासाठीही महापालिकेची परवानगी लागतेच, १९७५ च्या कायद्याने असं झाड आपल्या मनाने तोडता येत नाही. पण आत्ता नको. त्याचं अजून चाललंय. थोडी वादावादी झाली, एकदोघांचे आवाज चढले, शेवटी थांबायचं ठरलं.

गेल्या वर्षी घोस आमच्या खिडकीसमोरून उतरून गेला. आईने त्याच्याशी काय काय बोलून घेतलं असेल मला माहीत नाही, पण तो खिडकीशी होता तेवढे महिने ती चहा तिथेच उभी राहून प्यायची. तिच्या कुंड्यांमध्ये या डिसेंबरातही झिनिया होते, सूर्याच्या खुणेचे, आणि मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तिने पाणी बंद केलं, फुलं झाडावरच वाळू दिली, बिया कागदात बांधून वर तारीख घातली.

काल दुपारी ती फोनवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी बोलत होती. "तुमच्या खिडकीशी आला का हो? लाल झालाय? फळांना हात नका लावू हं, फार खाजतं. पोरांनाही सांगा. नाही नाही, शेवटचा नाही हा, मी खाली जाऊन बघून आले परवा, त्याच्या खाली अजून दोन कोंब दिसतायत."